संकलनाच्या वेळेलाच क्लाउडवरचा डेटाबेस बसतो. मशीन वाढवू का?

संकलनवाला

नमस्कार मंडळी. कोल्हापूर भागातल्या दूध संस्थांसाठीचं संकलनाचं एक सॉफ्टवेअर आमच्या टीमकडे चालवायला आलंय. बांधलं दुसऱ्यांनी, सांभाळतोय आम्ही. तीनशे संस्था, प्रत्येकीचे सरासरी दीडशे उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या. उत्पादक कॅन घेऊन येतो, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मोजलं जातं, दरपत्रकाप्रमाणे दर लागतो आणि पावती निघते. पावतीवर चालू बिलातली आजवरची बेरीजही छापायची असते. ती नसेल तर लोक काउंटरवरून हलत नाहीत.

डेटाबेस पोस्टग्रेस, अमेझॉनच्या आरडीएसवर (भाड्याने मिळणारी डेटाबेस सेवा), मुंबई रिजनमध्ये. मशीन एम५ लार्ज (दोन व्हीसीपीयू म्हणजे भाड्याचे दोन प्रोसेसर, आठ जीबी मेमरी). डिस्क १०० जीबी, जीपी२ प्रकारची. नोंदींच्या मुख्य टेबलात साडेसहा कोटी ओळी आहेत.

रडगाणं असं: सकाळी सहाला पाळी सुरू होते, पहिला अर्धा तास सगळं झकास. साडेसहाच्या पुढे एकेका पावतीला मिनिट-दोन मिनिटं. सात-सव्वासातला उरकायचं ते साडेनऊपर्यंत लांबतं. सचिव वहीत लिहून घेतात आणि मागाहून भरत बसतात. संध्याकाळी पुन्हा तेच. १, ११, २१ तारखेला दुपारी बिलं काढतो, त्या संध्याकाळी तर पहिल्या कॅनपासूनच मेलेलं असतं.

गंमत म्हणजे सीपीयू कधी तीस टक्क्यांच्या वर जात नाही. वरून आदेश आलाय, दुप्पट मशीन घ्या. घेऊ का?

घाटावरचा

घेऊन टाक भावा. दोन क्लिकचं काम. तुमच्या दोन पोरांचा आठवडा त्यात घालवण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

अनुजा_डोंबिवली

सीपीयू तीस टक्के आहे तर दुप्पट सीपीयू घेऊन त्याचं करणार काय, लोणचं?

संकलनवाला, क्लाउडवॉचमध्ये (अमेझॉनचं देखरेखीचं साधन) तीन आलेख बघा: रीड आयओपीएस (डिस्कवरून सेकंदाला किती वाचनं), डिस्क क्यू डेप्थ (किती मागण्या रांगेत) आणि बर्स्ट बॅलन्स (जादा वेगाची शिल्लक). सकाळी पाच ते दहाचा पट्टा लावा. आलेखातली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ) आहे की आपली, ते आधी तपासा. परफॉर्मन्स इनसाइट्स (आता डेटाबेस इनसाइट्स) चालू असेल तर सेशन (चालू जोडण्या) कशावर वाट बघत बसलेत तेही दिसेल. ते कळल्याशिवाय पैसे खर्च करू नका.

संकलनवाला

ताई, बघितलं. रीड आयओपीएस सहा वाजता ३,००० वर जातो आणि तिथे सपाट रेघ. साडेसहानंतर कडा कोसळल्यागत ३०० वर येतो, पुन्हा सपाट. बर्स्ट बॅलन्स शंभर टक्क्यांवरून शून्यावर. इनसाइट्समध्ये सगळी वाट 'डेटाफाइलरीड' (डिस्कवरून डेटा वाचणं) नावाखाली.

निवृत्त_डीबीए

आता तुमच्या आलेखाचा हिशेब मांडतो. तो जमला की निम्मं काम झालं.

जीपी२ डिस्कला दर जीबीमागे तीन आयओपीएस मिळतात. तुमची डिस्क १०० जीबी, म्हणजे कायमचा हक्क ३०० चा. लहान डिस्कवाल्यांची अडचण होऊ नये म्हणून एक टाकी दिलेली असते. ती ५४ लाख क्रेडिटची. ती भरलेली असेतोवर तुम्ही ३,००० पर्यंत ओढू शकता. तुम्ही सेकंदाला ३,००० ओढता, वरून ३०० ची धार चालू असते, म्हणजे टाकी सेकंदाला २,७०० ने उतरते. ५४ लाख भागिले २,७०० म्हणजे २,००० सेकंद, तेहतीस मिनिटं. सहा वाजून तेहतीस मिनिटांनी टाकी कोरडी. तुमचा 'पहिला अर्धा तास झकास' तो हा.

पुन्हा भरायला ५४ लाख भागिले ३००, म्हणजे पाच तास, तेही मध्ये कुणी ओढलं नाही तर. सकाळचं साडेनऊला उरकलं की संध्याकाळी सहापर्यंत भरते. बिलाच्या दिवशी दुपारी तुम्ही ती बिलांसाठी उपसता, म्हणून संध्याकाळी पहिल्या कॅनला थेंब नसतो.

दुप्पट मशीन घेतलं असतं तर मेमरी वाढून थोडा आराम पडला असता आणि सगळ्यांना वाटलं असतं की प्रश्न सुटला. डेटा वाढला की वर्षभरात पुन्हा इथेच धागा.

घाटावरचा

पटलं काका. म्हणजे जीपी३ (डिस्कचा पुढचा प्रकार) करा आणि झोपा.

निवृत्त_डीबीए

जीपी३ करायचंच. आरडीएसवर ४०० जीबीच्या आतल्या पोस्टग्रेसला ३,००० आयओपीएस कायमचे मिळतात, टाकीबिकी नाही, आणि जीबीमागचा दर जवळपास तोच. चालू डेटाबेसवर बदल होतो. फक्त एकदा बदल टाकला की त्यानंतर सहा तास किंवा त्याची आतली जुळवाजुळव संपेपर्यंत डिस्कला पुन्हा हात लावता येत नाही, म्हणून बिलाच्या तारखेला करू नका.

पण झोपू नका. तीनशे संस्था, एका उत्पादकाला वीस सेकंद धरले तर सेकंदाला पंधरा पावत्या. पंधरा पावत्यांना ३,००० वाचनं? पावतीमागे दोनशे? एवढं कोण वाचतंय ते शोधा. पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स (कशाला किती वेळ लागला याची पोस्टग्रेसमधली नोंद) मधून एकूण वेळेच्या उतरत्या क्रमाने पहिल्या पाच क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) काढा. सरासरी वेळेवर लावू नका, त्यात महिन्यातून एकदा चालणारा रिपोर्ट वर येऊन बसतो आणि खरा खादाड खाली लपतो.

संकलनवाला

पहिला नंबर पावतीवरच्या बेरजेचा. अट अशी: उत्पादक अमुक, आणि नोंदीच्या वेळेवर डेट फंक्शन लावून आलेली तारीख या दोन तारखांच्या मधली. इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) उत्पादक क्रमांकावर आहे आणि तो वापरलाही जातोय, म्हणून आम्ही तिकडे बघितलं नव्हतं.

क्वेरी कशी चालते ते दाखवणारं एक्सप्लेन, अॅनालाइझ आणि बफर्स लावून चालवलं. हव्या होत्या १३ ओळी. फिल्टरने फेकल्या १,३८७. ब्लॉक्स (डेटाची पानं) मेमरीत सापडले ११८०, डिस्कवरून आणले २१६.

अनुजा_डोंबिवली

सापडला. 'इंडेक्स वापरला जातोय' या वाक्याने फार जणांना गंडवलंय.

इंडेक्स उत्पादकापर्यंत नेतो, तारखेपर्यंत नाही. म्हणून दोन वर्षांच्या त्याच्या सगळ्या नोंदी उचलल्या जातात आणि मग तारीख बघून फेकल्या जातात. वर त्या नोंदी शेजारी-शेजारी नाहीत. एका पानावर सत्तर-ऐंशी ओळी मावतात आणि एकाच वेळी तीनशे संस्थांमधून भरणा चालू असतो, त्यामुळे एका माणसाच्या चौदाशे नोंदी चौदाशे वेगळ्या पानांवर. टेबल असेल सहा-सात जीबीचं, ते आठ जीबीच्या मशीनवर पुरतं मेमरीत राहत नाही. शेअर्ड बफर्सला (पोस्टग्रेसची स्वतःची राखीव मेमरी) पाव हिस्सा, उरलेल्यात ऑपरेटिंग सिस्टीमची कॅश (हाताशी ठेवलेला डेटा) आणि कनेक्शनं. मग पावतीमागे दोनशे वाचनं होणारच.

उत्पादक आणि नोंदीची वेळ असा जोडइंडेक्स हवा. आणि अटीतलं डेट फंक्शन काढा. कॉलमवर फंक्शन चढवलं की साधा इंडेक्स त्या भागासाठी निकामी. वेळ 'अमुक क्षणापासून, तमुक क्षणाच्या आधी' अशी लिहा.

रानवारा

एक आगाऊ प्रश्न. पहाटे साडेपाचच्या आधी कुठल्या गावात संकलन सुरू होतं का? आणि त्या नोंदी आदल्या दिवशी पडतात का?

संकलनवाला

तुम्हाला कसं कळलं?? डोंगराकडच्या काही संस्था सव्वापाचला सुरू करतात. ११ तारखेच्या पहाटेचं दूध मागच्या बिलात गेलं म्हणून दर महिन्याला भांडण. आम्हाला वाटायचं संस्थेच्या कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलंय.

रानवारा

आरडीएसचा डेटाबेस मुळात यूटीसीवर चालतो. आपण साडेपाच तास पुढे. सव्वापाच म्हणजे यूटीसीत आदल्या दिवसाचे पावणेबारा, आणि डेट फंक्शन इमानेइतबारे कालची तारीख देतं. संध्याकाळच्या पाळीला कधीच दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं लपून राहतं. हजेरीच्या एका सिस्टीममध्ये रात्रपाळीवाल्यांचं असंच झालेलं बघितलंय.

त्या फंक्शनवरच इंडेक्स बांधू म्हणाल तर पोस्टग्रेस नाही म्हणेल. वेळ टाइमझोनसकट साठवलेली असेल तर तिची तारीख सेशनच्या टाइमझोनवर अवलंबून, म्हणून ते फंक्शन त्याच्या लेखी 'इम्युटेबल' (नेहमी तेच उत्तर देणारं) नाही. एशिया/कोलकाता असा झोन अटीतच पक्का लिहिला तर चालतं.

माझं मत विचाराल तर संकलनाची तारीख आणि पाळी हे स्वतंत्र कॉलमच हवेत. वीज गेली, रेंज गेली, सचिवाने दुपारी वहीतून भरलं, तर नोंदीची वेळ दुपारची आणि दूध सकाळचं. बिल दुधाच्या तारखेवर निघतं, टायपिंगच्या वेळेवर नव्हे.

निवृत्त_डीबीए

रानवाराशी शंभर टक्के सहमत, पण क्रम पाळा. आज जोडइंडेक्स आणि अटीची दुरुस्ती. नवे कॉलम सावकाश.

इंडेक्स 'कन्करंटली' (काम चालू ठेवून) बांधा, नाहीतर बांधून होईपर्यंत नोंदी अडतील. तो ट्रान्झॅक्शनच्या (एकगठ्ठा चालणाऱ्या आज्ञांच्या) आत चालत नाही. मध्येच फसला तर 'इनव्हॅलिड' इंडेक्स मागे राहतो. तो वाचायला कामाचा नाही, पण प्रत्येक नोंदीला त्याचा भार मात्र पडतो, म्हणून तो पाडून पुन्हा बांधायचा. आणि कुणाचं ट्रान्झॅक्शन उघडं पडलेलं असेल तर तो तासन् तास त्याची वाट बघत बसतो. सुरू करण्याआधी 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' सेशन किती आहेत ते बघा.

नवा तारीख कॉलम रिकामा जोडायला क्षणही लागत नाही. जुन्या ओळी भरताना मात्र एका दमात साडेसहा कोटींवर अपडेट चालवू नका. पोस्टग्रेस जुनी ओळ जागेवर ठेवून नवी लिहितो, टेबल फुगून दुप्पट होईल. डिस्क आपोआप वाढवायची सोय चालू असेल तर डिस्कही वाढेल, आणि आरडीएसवर वाढलेली डिस्क साध्या बदलाने मागे घेता येत नाही. पन्नास-पन्नास हजारांच्या तुकड्यांत, दुपारच्या निवांत वेळी, अधूनमधून व्हॅक्यूम (जुन्या पडलेल्या ओळींची सफाई).

मोडका_कीबोर्ड

मला वेगळीच शंका येतेय. संस्थेच्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर डेटाबेसला थेट जोडलंय की मध्ये काही आहे?

संकलनवाला

थेट. जुनं डेस्कटॉप सॉफ्टवेअर आहे. पोर्ट ५४३२ सगळ्यांना उघडं, कारण खेड्यातल्या ब्रॉडबँडचा आयपी रोज बदलतो. पासवर्ड सगळ्या संस्थांत एकच.

मोडका_कीबोर्ड

अरे देवा. पंचेचाळीस हजार शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक त्या डेटाबेसात असणार. वेग जाऊ द्या, हे आधी बंद करा. डेटाबेस खासगी सबनेटमध्ये (बाहेरून थेट न पोचता येणाऱ्या नेटवर्कमध्ये), पुढे एक छोटी एपीआय (मधला दुवा), संस्थेगणिक वेगळं लॉगिन.

कामगिरीचा फायदाही आहेच. पोस्टग्रेस दर कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस उघडतो. आठ जीबीच्या मशीनवर आरडीएस कमाल मर्यादा नऊशेच्या आसपास ठेवतं, पण परवानगी आहे म्हणून तेवढी उघडायची नसतात. तीनशे उघडी कनेक्शनं जी मेमरी खातात, ती कॅशला मिळाली असती. एपीआयच्या मागे पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शनं सगळ्यांत वाटून देणारा प्रोग्राम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये लावलात तर पंधरा-वीस खऱ्या कनेक्शनांवर तीनशे संस्था आरामात चालतील. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आधी तयार करून ठेवलेल्या क्वेरी) वापरत असाल तर पीजीबाउन्सर १.२१ किंवा पुढचा घ्या, त्याआधीच्यांना ट्रान्झॅक्शन मोडमध्ये ते झेपत नसे.

घाटावरचा

एवढं सगळं करण्यापेक्षा ऑफिसात एक दणकट सर्व्हर आणून ठेवा की. एनव्हीएमई डिस्क लाखोंनी आयओपीएस देते, भाडं शून्य.

रानवारा

कोल्हापुरात? २०१९ चा महापूर विसरलात वाटतं. २०२१ ला पुन्हा आला.

घाटावरचा

दुसऱ्या मजल्यावर ठेवा.

रानवारा

आणि वीज? आणि जनरेटरचं डिझेल घेऊन होडीतून कोण येणार, तुम्ही?

डब्लिनकर

घाटावरच्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. सतत सारखा भार असेल आणि हाताशी माणूस असेल तर स्वतःचं हार्डवेअर स्वस्त पडतं. इथे दिवसातले चार तास भार आणि डेटाबेस सांभाळणारा जाणकार (डीबीए) कुणीच नाही, म्हणून आरडीएसच बरं. पण आरडीएस घेतलं म्हणजे बॅकअपची काळजी मिटली असं समजू नका. गिटलॅबचं (कोड साठवायची सेवा) ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण आठवा. रात्री उशिरा दमलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी उडवली, सुमारे ३०० जीबीतले साडेचार उरले. मग कळलं की रोजचा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) होतच नव्हता. डंप घेणारा प्रोग्राम पोस्टग्रेस ९.२ चा आणि डेटाबेस ९.६ चा. अपयशाचे ईमेल निघत होते, पण तेही पलीकडे नाकारले जात होते. योगायोगाने सहा तास आधी कुणीतरी हाताने घेतलेला स्नॅपशॉट होता म्हणून निभावलं. त्यांनी हे सगळं स्वतःच जाहीर लिहिलं.

तुमच्याकडे रिस्टोअर करून बघितलंय का कधी?

संकलनवाला

नाही. बॅकअप ७ दिवसांचे ठेवलेत एवढं दिसतंय.

डब्लिनकर

३५ दिवसांपर्यंत ठेवता येतात. दहा दिवसांचं बिल असताना ७ कमीच, चूक कळेपर्यंत बॅकअप गेलेला असेल. एकदा रिस्टोअर करा. जुन्यावर काही होत नाही, वेगळा नवा डेटाबेस उभा राहतो. दोन गोष्टी लक्षात असू द्या. तो 'उपलब्ध' दिसला तरी सुरुवातीला रडतखडत चालतो, कारण ब्लॉक्स पहिल्यांदा मागितल्यावर मागच्या साठ्यातून येतात. म्हणजे खऱ्या आपत्तीत सकाळी सहाला रिस्टोअर झालं तरी साडेसहाला पावत्या वेगाने निघतील असं नाही. आणि चाचणीनंतर तो 'स्टॉप' करून विसरू नका, ७ दिवसांनी आपोआप पुन्हा सुरू होतो आणि भाडं चालू. पुसूनच टाका.

पोस्टग्रेसची आवृत्ती कुठली आहे?

संकलनवाला

११. बिलात 'एक्स्टेंडेड सपोर्ट' नावाची ओळ येते ती हीच का? आमच्या अकाउंट्सवाल्यांना वाटलं तो विमा आहे.

डब्लिनकर

हीच. मुदत संपलेली आवृत्ती चालू ठेवल्याबद्दलची ही आकारणी आवृत्ती ११ साठी एप्रिल २०२४ पासून सुरू आहे, व्हीसीपीयूमागे तासाला. सुरुवातीचा अमेरिकेतला दर १० सेंट होता. त्या दराने दोन व्हीसीपीयूंचे महिन्याला १४६ डॉलर होतात, म्हणजे या मापाच्या मशीनच्या भाड्याएवढे किंवा जास्तच. मुंबईचा दर बिलात बघा. तिसऱ्या वर्षी तो आणखी चढतो. मशीन दुप्पट केलं असतं तर चार व्हीसीपीयू म्हणून हीही ओळ दुप्पट झाली असती.

नव्या आवृत्तीवर जा. तोच रिस्टोअर केलेला डेटाबेस रंगीत तालमीला वापरा. आणि अपग्रेड झाल्याबरोबर पूर्ण डेटाबेसवर अॅनालाइझ चालवा. पोस्टग्रेस १८ च्या आधीपर्यंत अपग्रेडमध्ये डेटाविषयीची आकडेवारी सोबत येत नव्हती. ती नसेल तर प्लॅनर (क्वेरीचा मार्ग ठरवणारा भाग) आंधळेपणाने रस्ते निवडतो आणि सगळे 'नवी आवृत्ती हळू आहे' म्हणून ओरडतात.

अनुजा_डोंबिवली

मेंटेनन्सची खिडकीही (देखभालीसाठी ठरवून दिलेली वेळ) तपासा. तीसुद्धा यूटीसीत असते. कुणी 'पहाटे साडेबारा' समजून ००:३० टाकलं असेल तर ते आपले सकाळचे सहा. दुपारी दोन ते चार या वेळेसाठी ०८:३० ते १०:३० लागेल.

संकलनवाला

आत्ताच बघितलं. ००:३० च आहे. बदललं.

संकलनवाला

खबर द्यायला आलो. जीपी३ केलं, जोडइंडेक्स बांधला, अट बदलली. पावतीच्या बेरजेला आता वीसच्या आत ब्लॉक्स लागतात आणि बहुतेक सगळे मेमरीतच सापडतात. सकाळच्या पाळीत रीड आयओपीएस शंभराच्याही खाली. सात वाजून दहा मिनिटांनी संकलन बंद, सचिवांचे फोनही बंद. कालच्या ११ तारखेची संध्याकाळही नीट गेली, आणि पहाटेचं दूध योग्य बिलात पडलं.

एपीआयचं काम सुरू आहे, त्याला वेळ लागेल. तोवर पासवर्ड संस्थेगणिक वेगळे केलेत. आवृत्तीची तालीम पुढच्या आठवड्यात.

आता वरून नवीन सुरू झालंय. एक म्हणतो एवढं रिकामं आहे तर मशीन निम्मं करा, टी४जी (हलक्या भाराच्या मशीनची मालिका) घ्या. दुसरा म्हणतो टेबलाचं महिन्यावारी पार्टिशनिंग (तुकडे) करा.

निवृत्त_डीबीए

पार्टिशनिंग आत्ता नको. साडेसहा कोटी ओळी योग्य इंडेक्सवर पोस्टग्रेसला जड नाहीत. जुनी वर्षं काढून ठेवायची वेळ येईल तेव्हा, आणि तेही वर्षावारी.

टी४जीचा विचार करता येईल, पण ती मालिका सीपीयू क्रेडिटवर चालते. आरडीएसवर टी३, टी४जी 'अनलिमिटेड' मोडमध्ये असतात, म्हणजे क्रेडिट संपल्यावर वेग पडत नाही, ज्यादा वापर बिलात चढतो. दोन पाळ्या आणि मधे निवांत, हा भार त्याला जुळतो. बिलाच्या दिवसाची दुपार मात्र बघावी लागेल. अपग्रेड होऊ द्या, एपीआय होऊ द्या, मग त्यावर बिलाचा एक पूर्ण महिना जाऊ द्या. त्या महिन्यातला सीपीयू आणि मेमरीचा सगळ्यात वाईट दिवस बघून मशीन ठरवा. वर्षाचं रिझर्व्हेशन (आगाऊ करार) त्यानंतरच, नाहीतर चुकीचं मशीन वर्षभर गळ्यात.

संकलनवाला

चालेल काका. बिलं रीड रेप्लिकावर (मुख्य डेटाबेसची फक्त वाचायची नक्कल) काढू का मग? म्हणजे दुपारचा भार मुख्य मशीनवर येणारच नाही.

निवृत्त_डीबीए

बिल काढणं म्हणजे लिहिणंही आलं, आणि रेप्लिकावर लिहिता येत नाही. शिवाय ती मागे असू शकते. शेवटच्या कॅनची नोंद तिथे पोचायच्या आत बेरीज झाली तर पुन्हा भांडण. रेप्लिकाचं दुसरं भाडं भरण्याआधी बिलाच्या क्वेरीला तेच एक्सप्लेन लावा आणि इथे टाका. उत्पादकागणिक वेगळी क्वेरी मारत असेल तर पंचेचाळीस हजार फेऱ्या होताहेत. संस्थेगणिक एकच गटबेरीज केली तर तीनशे.

संकलनवाला

उत्पादकागणिकच आहे. उद्या टाकतो.